थंड इंजिन ऐकायला

४ जानेवारी

फूटपट्टीस,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. भांडून कॉलेज सोडणाऱ्यानं पहिल्याच पत्रात प्रिय लिहू नये एवढी अक्कल मला आहे. खोडलेलं उजेडात धरून वाचू नकोस.

मी आत्याकडे आलोय. फोनच करणार होतो, पण तुमच्या हॉस्टेलच्या बाई फोन उचलून कोण, कुठून, कशासाठी असा तीन प्रश्नांचा पेपर देतात आणि माझा परीक्षेवरचा विश्वास उडालाय.

आत्याची रोपवाटिका आहे, तुला सांगितलं होतं. तिच्या शेडमध्ये काकांचा जुना ट्रॅक्टर आहे. छोटासा, दोन सिलिंडरचा, माझ्या बाबांपेक्षा वयानं मोठा. मूळचा रंग कुठला यावर आत्याचं आणि माझं अजून एकमत नाही. काका होते तोवर सगळी मशागत यानंच व्हायची. ते गेल्यापासून चौदा वर्षं जागचा हललेला नाही. सीटवर कोंबडी बसते. इंजिन जाम आहे. हँडल घातलं तर इंजिन फिरत नाही, मीच फिरतो.

आपण शेवटचं भेटलो तेव्हा तू काय म्हणालीस ते आठवतंय? मला शब्दन् शब्द आठवतोय. "तू आयुष्यात एक तरी गोष्ट पुरी केलीयस का?" मला तेव्हा उत्तर सुचलं नाही म्हणून मी जिन्यावरची कुंडी पाडली. आता उत्तर सुचलंय. हे इंजिन मी पूर्ण खोलून, तपासून, परत बांधून चालू करणार आहे. तुझी परीक्षा एप्रिलमध्ये संपते, मग तू दोन वर्षांसाठी त्या बोटींच्या कारखान्यात जाणार, एवढ्या लांब की पत्राला तीन आठवडे लागतील. त्याआधी हे चालू झालं तर ऐकायला येशील का? एवढंच विचारतोय. दुसरं काही विचारत नाहीये.

एक काम कर. वर्कशॉपमागच्या वाचनालयात सगळ्यात खालच्या फळीवर या इंजिनाच्या दुरुस्तीचं पुस्तक आहे, पाठीला चिकटपट्टी लावलेलं. त्यातली मापं मला हवीत. पाठवशील?

तुझा (हेही खोडायचं होतं, शाई संपत आली)
काडेपेटी


११ जानेवारी

काडेपेटी,

उजेडात धरून वाचलं.

आधी भांडण. वर्गातल्या त्या मुलानं माझ्याबद्दल काहीतरी बरळलं आणि तू त्याच्यावर कानस फेकलीस. ती त्याला लागली नाही, सरांच्या टेबलावर पडली. सर म्हणाले माफी माग, तू म्हणालास मागणार नाही, आणि दप्तर उचलून चालता झालास. सगळ्या कॉलेजला आता वाटतंय की हे माझ्यासाठी झालं. मला कुणी विचारलं होतं? त्याला काय उत्तर द्यायचं ते माझ्या ओठांवर आलं होतं. तुझी कानस आधी पोचली.

झालं, एवढंच. आता इंजिन.

पुस्तक सापडलं. पहिली चाळीस पानं उंदरांनी खाल्लीत, पण त्यात फक्त कंपनीनं स्वतःचं कौतुक केलेलं होतं. पुस्तक वाचनालयाबाहेर नेता येत नाही, म्हणून तिथे बसून हातानं उतरवते. एकदम सगळं मागू नकोस. जिथवर पोचलायस तिथलं पान माग.

जाम इंजिन मोडायला जाऊ नकोस. हेड काढ, दोन्ही सिलिंडरमध्ये पातळ तेल ओत आणि आठ दिवस त्याच्याकडे बघूही नकोस. तुला जमणार नाही, तरी सांगते. आणि हँडल मारताना अंगठा चार बोटांच्या बाजूलाच ठेवायचा, दांड्याभोवती गुंडाळायचा नाही. इंजिन उलटा झटका देतं तेव्हा आधी अंगठा जातो.

चालू झालं तर येईन ऐकायला. 'तर' हा शब्द नीट वाच.

फू.


२० जानेवारी

फूटपट्टे,

आठ दिवस! मी पाचव्या दिवशी हँडल मारलं, आणि फिरलं! आधी कुरकुर, मग पाव वेढा, मग सबंध. मी इतक्या मोठ्यांदा ओरडलो की आत्या हातात झारी घेऊन धावत आली. म्हणाली, "कुणाला साप चावला?" मी म्हटलं, "आत्या, फिरलं!" म्हणाली, "डोकं तर तुझं आधीच फिरलेलं होतं, आता काय फिरलं?"

तुझी आणि आत्याची ओळख नसूनही जोडी आहे असं मला वाटायला लागलंय.

सगळं खोललं. शेडमध्ये जुनी चादर अंथरून त्यावर एकेक भाग मांडलाय, प्रत्येकाखाली कागद आणि कागदावर नाव. हवा गाळायच्या डब्यात उंदराचं घरटं निघालं, त्यात आत्याच्या हरवलेल्या मोज्याची लोकर. व्हॉल्व्ह दोन बरे, दोन पार जळलेले. सिलिंडरच्या आतून नख फिरवलं तर वरच्या टोकाला अगदी बारीक कड लागते, म्हणजे झीज आहे पण मरणाची नाही. क्रँकचा दांडा मात्र बघण्यासारखा आहे. चौदा वर्षं तेलात पडून होता आणि पुसला तर आरशासारखा. त्यात माझं तोंड दिसलं, लांबुडकं आणि वाकडं. आत्या म्हणाली, बरोब्बर दिसतंय.

पिस्टनच्या रिंगा मोडल्या होत्या. शहरातल्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानदाराकडे नवा संच मिळाला, दोन सिलिंडरच्या मिळून सहा. शेवटचा संच, म्हणाला. आता रिंगेच्या दोन टोकांमध्ये फट किती ठेवायची ते पान पाठव. लवकर.

इथं दुपारी सगळं सामसूम असतं. मी क्रँक पुसत बसतो आणि मनातल्या मनात तुला सांगत असतो, हे बघ, ते बघ. तू शेजारी असतीस तर दर दोन मिनिटांनी म्हणाली असतीस, "कपडा स्वच्छ घे." मी स्वच्छ कपडा घेतो. कुणी म्हटलेलं नसताना घेतो.

काडेपेटी


२९ जानेवारी

काडेपेटी,

पान ६३ सोबत आहे. रिंगेची फट ११ थाऊ. इंचाचा हजारावा भाग म्हणजे थाऊ, हे तुला माहीत आहे, पण तू तो तास बुडवला होतास म्हणून लिहिते. रिंग सिलिंडरमध्ये सरळ बसवून, फटीत फीलर गेजच्या पातळ पट्ट्या घालून मोजायची. कमी भरली तर टोक कानशीनं घासायचं. एका बाजूनंच, हलक्या हातानं.

आज घाईत आहे, तोंडी परीक्षा आहे. मोज्याचं वाचून वाचनालयात हसले, तर शेजारच्यानं शूऽऽ केलं.

फू.


१६ फेब्रुवारी

फूटपट्टी,

सत्यानाश झालाय आणि तो तुझ्या अक्षरानं केलाय.

साऱ्या जगाला इंग्रजी आकडे चालतात, तुला हट्टानं मराठीच लिहायचे असतात. आणि तुझा एक! आकड्याच्या शेवटी आला की त्याला असली पोटुशी गाठ मारतेस तू की तो नऊ दिसतो. मी एकोणीस वाचलं. अकरा नाही, एकोणीस! सहाच्या सहा रिंगा, तीन दिवस, एकोणीस थाऊपर्यंत घासल्या. मग काल सहज तुझं पत्र परत वाचत होतो (कितव्यांदा ते विचारू नकोस) आणि पान ६३ उलटलं तर त्याच्या मागे तू वाचनालयाची वेळ लिहिलीयस, ११ ते ५. तोच आकडा, तीच गाठ. वाचनालय एकोणीस वाजता उघडत नाही.

घासलेलं लोखंड परत येत नाही. एवढ्या फटीतून सगळी ताकद खाली निसटणार, इंजिन नुसतं धूर ओकत बसणार. आणि तो शेवटचा संच होता.

मी कानस भिरकावली. शेडच्या पत्र्याला भोक पडलं. आत्या म्हणाली, "बरं झालं, उजेड कमीच होता."

आता एप्रिलपर्यंत काही होत नाही. तू जा. तुझ्या बोटींना शुभेच्छा.


२२ फेब्रुवारी

काडेपेटी,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडू आलं, दुसऱ्यांदा राग आला, तिसऱ्यांदा खरा प्रश्न सुचला.

तीन इंचांच्या सिलिंडरला एकोणीस थाऊ जास्त आहे हे तुला कळलं नाही? वर्गात सगळ्यात चांगला हात तुझा होता. सर डोळे झाकून तुझ्याकडून मापं घ्यायचे. घासताना तुझ्या हाताला कळलं असणार. मग थांबला का नाहीस? दोन ओळी टाकून विचारलं का नाहीस?

'एक'चा दोष माझा, कबूल. यापुढे आकडा लिहीन आणि शेजारी अक्षरांतही लिहीन. पण सहा रिंगा तू घासल्यास.

आता हे ऐक. मी सरांकडे गेले. हो, गेले. त्यांना रिंगांचं सांगितलं. ते आधी भरपूर हसले, मग म्हणाले त्यांच्या ओळखीचा एक जुना फिटर आहे, त्याच्या कपाटात असल्या इंजिनांचे भाग पडलेले असतात. त्याला पत्र टाकतायत, तुझा पत्ता दिलाय. आणि म्हणाले, "त्याला सांग, माफीच्या चार ओळी लिही, पुढच्या वर्षी परत बसवून घेतो. हात वाया घालवू नकोस." हे त्यांचे शब्द, माझे नव्हेत. माझे शब्द मी खोडलेत.

जाण्याची तारीख आली. एप्रिलची ३०, तीस.

फूटपट्टी


२० मार्च

प्रिय फूटपट्टी,

नाही खोडत.

महिनाभर लिहिलं नाही. तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. हो, कळलं होतं. पहिल्याच रिंगेला पंधरावर आलो तेव्हा हात म्हणत होता, बस्स. पण समोर तुझं अक्षर होतं. तू एकोणीस लिहिलंयस म्हटल्यावर माझा हात खोटा आणि तू खरी. याला मूर्खपणा म्हणतात की आणखी काही, ते तू ठरव. पत्र्याच्या भोकातून रोज साडेदहाला चादरीवर उन्हाचा एक कवडसा पडतो, तो व्हॉल्व्हवरून सरकत पिस्टनपर्यंत येतो. मी तो बघत बसतो.

फिटरकाकांच्या रिंगा आल्या. जुन्या मेणकागदात गुंडाळलेल्या, एकीलाही गंज नाही. या वेळी अकरा. प्रत्येक रिंगेला अकरा अकरा वेळा मोजलं.

माफी मी मागणार नाही. सरांना सांग, रिंगांबद्दल आभारी आहे.

आता व्हॉल्व्ह बसवायचं पान पाठव. मग तेलाच्या पंपाचं. मग स्पार्कची वेळ जुळवायचं. मग थंड पाण्याच्या नळीचं. अजून बरंच काम बाकी आहे. बरंच.

काडेपेटी


९ एप्रिल

चि. मुलीस आत्याचे आशीर्वाद.

तू मला ओळखत नाहीस, पण मी तुला चांगली ओळखते, कारण दुपारी जेवताना आमच्याकडे दुसरा विषय नसतो. तुझा पत्ता त्याच्या पाकिटावरून घेतला. त्याला सांगू नकोस, भडकेल.

दोन गोष्टी कळवायच्या आहेत. एक, ट्रॅक्टर दोन एप्रिललाच चालू झाला. फट-फट-फट आवाज आला आणि माझ्या डोळ्यांना पाणी आलं, ते जाऊ दे. तो रोज चालू करतो, पाच मिनिटं ऐकतो, बंद करतो आणि तुला पत्र लिहायला बसतो की अजून अमुक राहिलंय, तमुक पान पाठव. परवा त्यानं तुझ्याकडे पाण्याच्या नळीचं पान दुसऱ्यांदा मागितलं. पहिलं भिंतीवर चिकटवलेलं आहे. मी विचारलं, अरे, खोटं का लिहितोस? म्हणाला, "चालू झालं कळवलं की ती येणार, ऐकणार आणि जाणार. मग पत्रात लिहू काय?"

दुसरी गोष्ट. मी अडाणी बाई, पण तुमच्या कॉलेजात झेरॉक्सचं मशीन नाही का गं? आख्खं पुस्तक पंधरा मिनिटांत निघालं असतं. तीन महिने हातानं एकेक पान उतरवतेस, त्याअर्थी तुम्ही दोघंही सारखेच आहात.

ये एकदा. मी फक्त झाडं लावते, पण मला कळतं.

आत्या


१४ एप्रिल

काडेपेटी,

पाण्याच्या नळीचं पान तिसऱ्यांदा पाठवणार नाही.

माझी परीक्षा १८ला, अठराला, संपते. २६ला, सव्वीसला, सकाळच्या बसनं येते. दुपारी चारच्या बसनं परत, सामान बांधायचंय. आदल्या रात्रीपासून ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. मला थंड इंजिन चालू झालेलं ऐकायचंय. तापलेलं काय, कुणाचंही चालू होतं.

आणि हो, वाचनालयाच्या दाराशीच झेरॉक्सचं मशीन आहे. मी रोज त्याच्यासमोरून जायचे.

फूटपट्टी


२८ एप्रिल

प्रिय,

तू निघायच्या आत मिळावं म्हणून हे पत्र बसच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय.

सव्वीस तारखेबद्दल मला स्पष्ट बोलायचंय. चोवीस दिवस ते इंजिन पहिल्या हँडलला चालू होत होतं. तू आत्याचा एप्रन बांधून ट्रॅक्टरच्या टाकीजवळ उभी राहिलीस आणि एकतीस हँडलांत त्यानं साधा खोकला काढला नाही. एकतीस! माझ्या तळहाताची सालं निघाली. प्लग काढून बघितला, ओला. स्पार्क बघितला, निळा. आत्या म्हणाली, "हिच्यासमोर लाजतंय ते." तू म्हणालीस, "अंगठा नीट ठेव." अंगठा नीटच होता! मग पावणेचार झाले. तू एप्रन काढून दोरीवर टाकलास आणि मी तुझ्याशी एक धड वाक्य बोललो नाही. चार महिने जे सांगायचं म्हणून जमवून ठेवलं होतं, ते त्या एकतीस हँडलांत गेलं. बस सुटताना तू खिडकीत हसत होतीस. मला वाटलं, मला हसतेय. मी बसच्या चाकाला लाथ मारली. अंगठा दुखावला, पायाचा.

परत आलो आणि कार्बोरेटरची वाटी खोलली. वाटीतलं बोटावर घेतलं. माझ्या हातांना रोजच रॉकेलचा वास असतो, सगळे भाग रॉकेलनं धुतलेत, म्हणून दुपारभर माझ्या नाकाला कळलंच नाही. वाटीत पेट्रोल नव्हतं. रॉकेल होतं.

आपल्या टाकीखालच्या चावीच्या तीन जागा आहेत. पेट्रोल, बंद, रॉकेल. तूच उतरवून पाठवलेलं पान माझ्या भिंतीवर आहे: इंजिन थंड असताना पेट्रोलवरच चालू करावे, तापल्यावर चावी रॉकेलवर फिरवावी, थंड इंजिन रॉकेलवर चालू होणार नाही. मी सकाळी चावी पेट्रोलवर ठेवली होती. आत्या शपथेवर सांगायला तयार आहे. कोंबडी चावी फिरवत नाही.

टाकीजवळ तू उभी होतीस.

मी चावी परत पेट्रोलवर केली, हँडल घातलं, आणि बराच वेळ नुसता धरून उभा राहिलो. राग येईल म्हणून वाट बघत होतो. आलाच नाही. हे माझ्या बाबतीत पहिल्यांदाच झालंय, म्हणून कळवतो.

सरांना पत्र टाकलं. चार ओळी. तिसऱ्या ओळीत आवाज चढला होता, ती फाडून नव्यानं लिहिली.

आता पान मागायचं नाहीये. मापं सगळी माझ्याकडे आहेत. म्हणून विचारायला दुसरं काही उरलेलं नाही, आणि जे पहिल्या पत्रात 'विचारत नाहीये' म्हणून लिहिलं होतं तेच उरलंय. तू मला हवी आहेस. दोन वर्षं थांबेन. थांबायला मला येत नाही हे तुला माहीत आहे. शिकेन.

आता तू खरं सांग. चावी कुणी फिरवली?

तुझा


२९ एप्रिल

प्रिय काडेपेटी,

ड्रायव्हरनं पत्र हातात दिलं आणि म्हणाला, "त्या पोरानं तीनदा बजावलंय, पत्र घडी करू नका म्हणून."

ट्रॅक्टर रोज चालव. आत्याची कामं कर, तिची रोपं आपल्यासाठी खोळंबायला नकोत. इंजिन काय, रोज सकाळी थंडच असतं.

मी ऐकायला येईन म्हटलं होतं ना? माझं ऐकायचं राहिलंय. ते ऐकल्याशिवाय मला कुठे कायमचं जाता येणार नाही, एवढी सोय मी करून ठेवलीय. बंदरावर लोक निरोप घेतात तसा मला तुझा घ्यायचा नव्हता, आणि तोंडानं सांगायला गेले असते तर तू मध्येच बोलला असतास.

हो. मीच.

फूटपट्टी